पोत्यावरचं पोटॅशियम कार्बोनेट आणि तो २ चा आकडा

मार्चमध्ये तासगावकडं बहिणीच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो होतो. भाचा नववीला, परीक्षा तोंडावर, आणि पोरगं सावलीला बसून रेणुसूत्रं घोकतंय. के२सीओ३, के२सीओ३, के२सीओ३. आणि चार हातांवर त्याच पावडरीचं पोतं उभं! लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, थोडं डिपिंग ऑइल, त्यात द्राक्षं बुडवली की सालीवरचं मेण मोकळं होतं, पाणी पटापट उडतं आणि बेदाणा होतो, हे त्याला झोपेतनं उठवलं तरी सांगता येतं. पण के च्या खाली २ का? तर म्हणे, "मामा, सरांनी पाठ करा म्हणून सांगितलंय."

पाठ कशाला करायचं, हा सरळ जमाखर्च आहे. पोटॅशियम एक इलेक्ट्रॉन देऊन टाकतो म्हणून त्याच्यावर धन १. कार्बोनेट हे मूलक, म्हणजे एक कार्बन आणि तीन ऑक्सिजन अशी टोळी, कुठंही गेली तरी एकत्रच जाणारी, आणि त्या अख्ख्या टोळीवर मिळून ऋण २. वही शून्यावर बंद झाली पाहिजे, म्हणून पोटॅशियम दोन. ड्रिपमधनं सोडतो त्या कॅल्शियम नायट्रेटचं उलटं. कॅल्शियम धन २, नायट्रेट ऋण १, म्हणून टोळ्या दोन लागतात, पण नुसतं एनओ३२ लिहिलं तर वाचणाऱ्याला ऑक्सिजन ३२ वाटतील, म्हणून कंस घालून सीए(एनओ३)२. तो कंस विसरायचा आणि मार्क घालवायचे हे पिढ्यान् पिढ्या चालू आहे, मीपण घालवलेत.

शाळेत संयुजा, म्हणजे हेच प्रभाराचे आकडे चिन्ह सोडून, तिरक्या खाली उतरवायला शिकवतात. उत्तर येतं, पण चुनकळी, म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड घ्या. कॅल्शियम २, ऑक्सिजन २, तिरकं केलं की सीए२ओ२, मग सर म्हणतात २ नं भागा, सीएओ. का भागा? इथं खरी गंमत आहे आणि ती कुणी सांगतच नाही. आपण त्याला रेणुसूत्र म्हणतो खरं, पण तिथं रेणू नसतोच! मिठाच्या खड्यात एक सोडियम आणि एक क्लोरीन अशी नवराबायकोची जोडी शोधून सापडणार नाही, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना खड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग लिहिणार काय, तर फक्त प्रमाण. दोनास दोन म्हणजे एकास एकच. हायड्रोजन पेरॉक्साइडचं एच२ओ२ मात्र भागायचं नाही, कारण तिथं चार अणूंचा खराखुरा रेणू आहे. म्हणूनच कार्बन डायऑक्साइडच्या नावात 'डाय' लागतो आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या नाही, कारण प्रभार ठरलेले असले की आकडा आपोआप निघतो. (०:५२:३४ या खताच्या पोत्यावर 'मोनो पोटॅशियम' असतं ना? फॉस्फेटच्या ऋण ३ पैकी दोन जागा हायड्रोजननं धरलेल्या असतात, पोटॅशियमला एकच उरते.)

भानगड होते लोखंडाची, कारण त्याचा प्रभार एकच नाही. पानं पिवळी पडली की देतो ते फेरस सल्फेट, लोखंड धन २, एफईएसओ४. पोतं उघडं राहिलं की हिरवट पावडर तांबूस व्हायला लागते, ते फेरिक, धन ३, जे आपल्या चुनखडीच्या रानात लगेच अडकून बसतं. सल्फेट ऋण २, म्हणून फेरिक सल्फेट एफई२(एसओ४)३. आल्फ्रेड श्टॉक या जर्मन रसायनतज्ज्ञानं १९१९ मध्ये सुचवलं की हा प्रभार नावातच रोमन आकड्यात लिहा, म्हणून पुस्तकात आयर्नपुढं कंस दिसतो. दुकानदार मात्र अजून 'फेरस द्या' यालाच ओळखतो.

आणि ते 'केमिकल फ्री मीठ' म्हणून जे मेसेज फिरतात, त्यांना विचारा की सोडियम क्लोराइड काढल्यावर पुडीत राहतं काय.

भाच्याला हे सगळं कागदावरचंच वाटत होतं. मग कोपऱ्यात मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट शिल्लक होतं, बोर्डोचं, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवारणीचं, ते मगभर पाण्यात घातलं आणि दाजींचा विळा घासूनपुसून त्यात बुडवला. थोड्याच वेळात पातं लालसर. "मामा, विळा तांब्याचा झाला की!" एखाद्या बाबानं एवढ्यावर मठ बांधला असता. झालं इतकंच, की मोरचुदातल्या धन २ तांब्यानं लोखंडाकडनं दोन इलेक्ट्रॉन घेतले आणि ते पात्यावर बसलं, तेवढंच लोखंड पाण्यात उतरलं. बोर्डोत चुना पुरेसा पडला का हे शेतकरी असंच बघतात, पातं लाल झालं तर तांबं अजून मोकळं आहे, चुना वाढवा.

"मग आता पाण्यात काय, फेरस का फेरिक?" मी विचारलं. दोन घेतले म्हणजे दोनच दिले, असं पुटपुटत त्यानं वहीत एफईएसओ४ लिहिलं, तिरकं काहीच न करता. तोवर दाजी विळा शोधत आले होते.