घड्याळ पुढे, सूर्य मागे

नोव्हेंबरचा पहिला रविवार उलटला की आमच्या ठाण्यातल्या सोसायटीच्या गेटवर थांबणारी ऐरोलीची कॅब तासभर उशिरा येऊ लागते. वॉचमनकाकांना आता सवय झालीय. वहीत साडेपाचच्या जागी साडेसहा लिहून मोकळे होतात. चौथ्या मजल्यावरची मुलगी अमेरिकन प्रोसेसमध्ये आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. ‘डीएसटी गेला,’ एवढंच ती सांगते. डीएसटी म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइम, उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करायची पद्धत. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तो पुन्हा लागतो आणि कॅब तासभर आधी येते. लंडनचं घड्याळ मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी हलतं, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे एकाच ऑफिसातल्या दोन टीमचं गणित जुळत नाही.

हे खूळ मुळात किडे गोळा करणाऱ्या एका माणसाचं. न्यूझीलंडमधला जॉर्ज हडसन पोस्टात नोकरी करायचा आणि कामावरून सुटल्यावर कीटक शोधत हिंडायचा. संध्याकाळचा उजेड त्याला पुरेना, म्हणून १८९५ मध्ये उन्हाळ्यात घड्याळ दोन तास पुढे करावं, असं त्याने सुचवलं. पुढे १९०७ मध्ये लंडनचा बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट याने त्यावर पुस्तिकाच काढली. एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं, अशी त्याची योजना होती. लोक म्हणाले, एवढंच असेल तर लवकर उठा की! विलेट १९१५ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने कोळसा वाचवण्यासाठी घड्याळं पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटनही मागोमाग आलं. युद्ध संपलं, सवय राहिली.

आपल्याकडे यातलं काही झालंच नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा जागोजागी आपापलं बारा वाजणं होतं. त्या ३४ किलोमीटरांत दोन ठिकाणच्या सूर्यात फरक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा, त्यामुळे कुणाचं अडलं नाही. रूळ कलकत्त्यापर्यंत गेले तेव्हा अडलं, कारण कलकत्त्याची वेळ मुंबईच्या तासाभराने पुढे होती. १८७० च्या सुमारास रेल्वेने मधला तोडगा म्हणून मद्रास टाइम धरला. तो मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी हीच वेळ मुंबईच्या सरकारी कचेऱ्यांनाही लावून पाहिली. इतकी ओरड झाली की दोन वर्षांत ती गुंडाळावी लागली.

मग १ जानेवारी १९०६. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर अख्ख्या देशाची वेळ बांधली गेली आणि मुंबईला घड्याळ ३९ मिनिटं पुढे करायला सांगितलं गेलं. बंगालच्या फाळणीमुळे वातावरण आधीच तापलेलं. त्याच महिन्यात हजारो कापडगिरणी कामगारांनी काम थांबवलं, दगडफेक झाली. वेळेवर हजर व्हायचं म्हणजे आता अधिक अंधारात उठायचं होतं, आणि कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. फिरोजशहा मेहतांसारखी नेतेमंडळीही विरोधात होती. महापालिका तर जुन्या बॉम्बे टाइमला चिकटून राहिली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. एकाच शहरात दोन वेळा! भेट ठरवताना ‘कुठला टाइम?’ हे आधी विचारावं लागे.

आता त्या ३९ मिनिटांकडे नीट बघा. सूर्य डोक्यावर येतो तेव्हा ठाण्याच्या घड्याळात सरासरी १२ वाजून ३८ मिनिटं झालेली असतात. सकाळ लवकर सुरू करून संध्याकाळचा उजेड लांबवायचा, हेच तर विलेटचं म्हणणं. म्हणजे तासातली चाळीसेक मिनिटं आपण जर्मनीच्या दहा वर्षं आधी, तीही बाराही महिन्यांसाठी, घेऊन बसलोय. संकष्टीला कॅलेंडरात नागपूरचा चंद्रोदय वेगळा आणि मुंबईचा वेगळा का छापतात, हे ज्या घरात ठाऊक आहे तिथे हे वेगळं समजवायला नको.

त्यात दुसऱ्या महायुद्धाची भर पडली. सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताचं घड्याळ आणखी तासभर पुढे होतं. जानेवारीत ठाण्यात सूर्य उगवायला घड्याळात सव्वाआठ वाजत असणार.

तिकडेही सगळं सुरळीत नव्हतं. तेलटंचाईत अमेरिकेने जानेवारी १९७४ पासून पुढची वेळ वर्षभर ठेवायचं ठरवलं. पोरं अंधारात शाळेला जाऊ लागली, अपघात झाले आणि वर्ष संपायच्या आत हिवाळ्यापुरता निर्णय फिरवला गेला. वीज वाचते, हा दावाही डळमळीत निघाला. इंडियाना राज्याने २००६ मध्ये ही पद्धत सर्वत्र लावली, तेव्हा घरगुती वीजवापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचं अर्थशास्त्रज्ञांना आढळलं: दिवे कमी लागले, पण एसी जास्त चालले. मे महिन्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. युरोपीय संसदेने २०१९ मध्ये ही अदलाबदल बंद करण्याच्या बाजूने मत दिलं, पण सदस्य देशांचं एकमत होईना. मेक्सिकोने २०२२ मध्ये ती बहुतेक भागात मोडीत काढली.

वर्षातून दोनदा काटे फिरवण्यात आपल्याला काहीच मिळणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लंडनला उन्हाळ्यातला सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांचा असतो, हिवाळ्यातला लहान आठाच्याही आत. ठाण्यात हाच फरक सव्वादोन तासांचा. पहाटे चारला वाया जाणारं ऊन आपल्याकडे नाहीच. खरी अडचण आसामची. तिथे सूर्य लवकर उगवतो, म्हणून तिथले चहामळे ‘बागान टाइम’ म्हणून तासभर पुढची वेळ पाळत आलेत. त्यावर देशात दोन प्रमाणवेळा करा, किंवा सगळ्या देशाचं घड्याळ अर्धा तास पुढे न्या, अशा सूचना अभ्यासकांकडून येत असतात. पहिलीशी आपल्याला देणंघेणं नाही. दुसरी आली तर जानेवारीतला आपला सूर्योदय पावणेआठला जाईल.

विलेटला त्या वेळी लोकांनी सुनावलं होतं तेच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने उलट्या बाजूने केलं: घड्याळ न हलवता शाळा हलवली. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश निघाला. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांनी लगेच कपाळाला हात लावला, कारण सकाळचे वर्ग सुटल्याशिवाय दुपारच्यांना खोल्या नाहीत. आमच्या गल्लीत धाकट्यांची बस आता साडेआठला येते. पाचवीच्या पुढच्यांची अजून सहा पन्नासलाच. जानेवारीत तेव्हा नाक्यावरचे दिवे लागलेले असतात आणि पोरं एकमेकांना आवाजावरून ओळखतात.