सुपर कॉरिडॉरची रिकामी मेट्रो काय सांगते?

इंदूरची मेट्रो 31 मे 2025 रोजी सुरू झाली ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर-3 या सुमारे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर. स्थानकं पाच, सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या, अजून विरळ वस्तीच्या रुंद रस्त्यालगत. पहिल्या आठवड्यात प्रवास फुकट होता, तेव्हा शहरभरातून लोक पोराबाळांना घेऊन मेट्रो बघायला गेले. तिकीट लागू झालं आणि गर्दी ओसरली. तेव्हापासून रामबागेत काय, राजेंद्रनगरात काय, मेट्रोचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला: जिथे माणसंच राहत नाहीत, तिथे मेट्रो कशाला?

प्रश्न रास्त आहे. टोरांटोपासून टोकियोपर्यंत तो विचारला गेला आहे आणि त्याचं उत्तर शोधण्याची रीत बरीचशी गणिती आहे.

सुरुवात पायांपासून करावी लागते. रोजच्या प्रवासासाठी माणूस स्टेशनपर्यंत साधारण दहा मिनिटं चालतो, म्हणजे सुमारे 800 मीटर. त्यापुढे तो रिक्षा बघतो किंवा सरळ घरची स्कूटर काढतो. 800 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दोन चौरस किलोमीटर, म्हणजे 200 हेक्टर जमीन येते. हेक्टरी 300 माणसं राहत असतील, जशी जुन्या दाट मोहल्ल्यांत सहज राहतात, तर या वर्तुळात 60 हजार लोक झाले. हेक्टरी 30 असतील, तर फक्त 6 हजार. दहातला एक जण रोज मेट्रोने जातो असं धरलं, तर पहिल्या ठिकाणी 6 हजार प्रवासी मिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी 600. तीन डब्यांच्या गाडीत दाटीवाटीने हजाराच्या आसपास माणसं मावतात. म्हणजे विरळ वस्तीतल्या स्टेशनचे दिवसभराचे सगळे प्रवासी एकाच गाडीत बसतील आणि वर जागा उरेल.

तेही हे पूर्ण वर्तुळ हाती लागलं तर. माणूस काही पक्ष्यासारखा उडत स्टेशनला जात नाही. रस्ते काटकोनात आखलेले असले, तर दहा मिनिटांत पोचता येईल असा भाग वर्तुळाऐवजी तिरक्या चौकोनाचा होतो आणि त्याचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या 64 टक्केच भरतं. नव्या उपनगरांत काटकोनी रस्तेही नसतात. तिथे टाउनशिप असते, तिला चहूबाजूंनी भिंत असते आणि गेट एकच, तेही बहुधा स्टेशनच्या उलट बाजूला. बाल्कनीतून मेट्रोचे खांब दिसतात, सरळ रेषेत अंतर तीनशे मीटरही नसतं, पण पायी जायचं तर आधी गेटपर्यंत, मग भिंतीला वळसा, मग सर्व्हिस रोड, मग भरधाव गाड्यांचा रुंद रस्ता ओलांडणं. तीनशे मीटरचे बाराशे होतात. मे महिन्यातल्या दुपारी, सावलीचं एक झाड नसताना, म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना हे अंतर कोण चालेल? भिंतीला स्टेशनच्या बाजूने एक छोटं फाटक पाडलं, तर त्या टाउनशिपपुरतं स्टेशन चौपट जवळ येतं, आणि खर्च लोखंडी दाराचा. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण मेट्रोच्या चर्चेत डबे, बोगदे आणि कोटींचे आकडे असतात, फाटक कधीच नसतं.

दुसरा हिशेब वाट बघण्याचा. आठ किलोमीटर जायचं आहे असं समजा. थांबे धरून मेट्रोचा सरासरी वेग ताशी 33 किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे पंधरा मिनिटं लागतील. वाहतुकीत अडकत जाणाऱ्या सिटी बसला अर्धा तास. वाचली पंधरा मिनिटं. पण गाडी दर अर्ध्या तासाने असेल, तर वेळापत्रक न बघता स्टेशनवर आलेल्या माणसाला सरासरी पंधरा मिनिटं थांबावं लागतं. वाचलेला सगळा वेळ फलाटावरच संपला. शिवाय वाहतुकीच्या अभ्यासांत वारंवार दिसून आलंय की, फलाटावरचं एक मिनिट लोकांना गाडीत बसून घालवलेल्या दीड-दोन मिनिटांएवढं जड वाटतं.

अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोरिंग यांनी 1972 साली हेच गणितात मांडलं. प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाची वाट बघण्याची वेळ घटते आणि त्यामुळे आणखी प्रवासी येतात. रस्त्यावर गर्दी झाली की सगळ्यांचं नुकसान होतं, सार्वजनिक वाहतुकीत मात्र गर्दीमुळे सगळ्यांची सोय वाढते. हे चक्र उलटंही फिरतं. प्रवासी कमी म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून उरलेले प्रवासीही दुचाकीवर. विरळ वस्तीतली मेट्रो या उलट्या चक्रात सापडण्याची भीती सगळ्यांत जास्त असते.

तरीही आजच्या रिकाम्या डब्यांवरून संपूर्ण मार्गाचा निकाल लावणं चूक ठरेल. पाच स्थानकांमध्ये प्रवासाच्या जोड्या, म्हणजे चढायचं एक आणि उतरायचं एक स्थानक, होतात दहा. मार्गावर 28 स्थानकं धरली, तर जोड्या होतात 378. स्थानकं साडेपाच पटींनी वाढली की जोड्या जवळपास अडतीस पटींनी वाढतात, आणि त्यांत विजयनगर, पलासिया, रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती ही गजबजलेली ठिकाणं येतात. आज गांधीनगरहून निघणारा माणूस मेट्रोने राजवाड्याला जाऊ शकत नाही. जिथे कामच नाही तिथे नेणारी गाडी त्याने का पकडावी? सुरुवात मोकळ्या टोकाकडून होण्यामागे अभियांत्रिकीचं साधं कारण असतं: डेपो गांधीनगरला आहे, गाड्या तिथूनच निघणार, आणि मोकळ्या जागेत खांब लवकर उभे राहतात.

मग वस्तीच्या आधी रूळ टाकणं कधी फळाला येतं? न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात 1917 साली उन्नत रेल्वे कोरोना नावाच्या वस्तीपर्यंत पोचली तेव्हा आजूबाजूला बरीचशी मोकळी जमीन होती. 1910 मध्ये क्वीन्सची लोकसंख्या 2 लाख 84 हजार होती, 1930 मध्ये ती 10 लाख 79 हजार झाली. जपानमध्ये कोबायाशी इचिझो यांच्या कंपनीने 1910 साली ओसाकाहून ताकाराझुकाकडे रेल्वे काढली, वाटेतली जमीन आधीच घेऊन ठेवली आणि त्यावरची घरं हप्त्यांनी विकली. त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे त्यांनी दुसऱ्या टोकाला करमणुकीची ठिकाणं उभारली आणि शहराकडच्या टोकाला पुढे मोठं दुकान काढलं. सकाळी शहराकडे भरून जाणारी गाडी परतीलाही रिकामी येऊ नये, ही ती योजना. व्हिएन्नात झेश्टाट आस्पर्न ही नवी वसाहत उभी राहत असताना, रहिवासी यायच्या आधीच, 2013 मध्ये मेट्रो तिथे पोचली.

या तिन्ही ठिकाणी स्टेशनभोवती दाट घरं बांधायला मोकळीक होती किंवा तशी योजनाच होती. याउलट टोरांटोची शेपर्ड लाइन ही मेट्रो 2002 मध्ये सुरू झाली. तीही पाच स्थानकांची, साडेपाच किलोमीटरची. स्थानकांलगत उंच इमारती आल्या, पण दोन गल्ल्या मागे बंगल्यांची वस्ती नियमांनी तशीच राखली गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपनगरांत 1972 पासून धावणाऱ्या रेल्वेच्या बऱ्याच स्थानकांभोवती सगळ्यांत मोक्याची जमीन पार्किंगला गेली. एका हेक्टरवर साधारण तीनशे मोटारी उभ्या राहतात. त्याच हेक्टरवर चार मजली घरांत त्याहून जास्त माणसं राहिली असती आणि ती रात्रीही घरी परतताना रेल्वे वापरत राहिली असती.

क्वीन्सची तुलना इंदूरला जशीच्या तशी लावता येत नाही. 1917 च्या न्यूयॉर्कमध्ये कामगाराकडे स्वतःचं वाहन नव्हतं. आपल्याकडे घरटी एक, बऱ्याच घरी दोन दुचाकी आहेत. मेट्रोला सायकलशी नाही, दारात उभ्या स्कूटरशी झगडायचं आहे. म्हणून सुपर कॉरिडॉरवर केवळ प्लॉट विकले जाऊन भागणार नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेला, झुडपं माजलेला प्लॉट तिकीट काढत नाही. टीसीएस आणि इन्फोसिसची आवारं तिथे आहेत, ही जमेची बाजू, कारण नोकरीची जागा स्टेशनजवळ असणं घर जवळ असण्याइतकंच मोलाचं असतं. पण आवाराच्या फाटकापासून इमारतीपर्यंतच लांब चालावं लागत असेल, तर दहा मिनिटांचा हिशेब तिथेच संपतो.

खर्चाकडे बघू. केंद्राने 2018 मध्ये इंदूरच्या 31.55 किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गाला मंजुरी दिली तेव्हा अंदाज सुमारे 7,500 कोटी रुपयांचा होता, म्हणजे किलोमीटरला साधारण 238 कोटी. एक मोठी इलेक्ट्रिक बस दीड कोटीच्या आसपास येते असं धरलं, तरी एका किलोमीटरच्या पैशात दीडशे बस होतात. बसला चालक लागतो, ती लवकर झिजते, आणि दाट मार्गावर ताशी पंधरा-वीस हजार माणसं न्यायची असतील तर मेट्रोला तोड नाही. पण ताशी काही शे माणसांसाठी दर दहा मिनिटांनी येणारी बस अर्ध्या तासाने येणाऱ्या मेट्रोपेक्षा चांगली सेवा देते. 2017 च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणातही पर्यायांची तुलना आणि स्थानकांच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंत फीडर सेवा, म्हणजे प्रवाशांना स्थानकापर्यंत आणणारी-नेणारी वाहनं, यांची अट आहे. माझ्या मते इंदूरने आता सगळं बळ राजवाड्याच्या बाजूला लावावं, आणि सुदामानगर, अन्नपूर्णा, राजेंद्रनगर या भरलेल्या वस्त्यांना, ज्या मंजूर वर्तुळात येतच नाहीत, आधी नेमाने धावणाऱ्या बसने जोडावं.

आता उज्जैन आणि पीथमपूरपर्यंत मेट्रो नेण्याची चर्चा आहे. 2028 चा सिंहस्थ समोर असल्याने उज्जैनचं नाव जास्त घेतलं जातं. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. शहरी मेट्रोच्या 33 च्या सरासरी वेगाने दीड तास लागेल, जेव्हा मोटारीने साधारण तासाभरात पोचता येतं. स्थानकं कमी करून वेग वाढवला, की वाटेतल्या गावांना फायदा उरत नाही, आणि ती गावंच मधली विरळ वस्ती आहेत. ब्रॉडगेज रेल्वे आधीच आहे, देवासमार्गेही आणि फतेहाबादमार्गेही. त्याच रुळांवर दर अर्ध्या तासाने, तीन-चार थांब्यांची लोकल धावली, तर उज्जैनच्या विद्यार्थ्याचं आणि इंदूरच्या नोकरदाराचं काम भागेल. पीथमपूरचं वेगळं आहे: तिथे कारखाने आहेत, पाळी सुटण्याच्या वेळी हजारो माणसं एकदम बाहेर पडतात आणि मधल्या वेळात रस्ते शांत असतात. अशा ठिकाणी पाळीच्या वेळा धरून सोडलेल्या बस आधी चालवाव्यात, त्या किती भरतात हे दोन-तीन वर्षं मोजावं, आणि मगच तिथे खांब उभारायचे की नाहीत याचा आराखडा करायला बसावं.