मतमूल्य (राष्ट्रपती निवडणूक)

मतमूल्य : भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदार व खासदार यांच्या मताला मोजणीसाठी दिलेला अंक. या निवडणुकीत जनता थेट मत देत नाही. राज्याची लोकसंख्या मात्र आमदाराच्या मतपत्रिकेवर बसून मतदानाला जाते. संविधानाच्या अनुच्छेद ५५ मध्ये हे गणित दिले आहे.

गणित शाळकरी आहे. राज्याच्या लोकसंख्येला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे, आलेल्या उत्तराला पुन्हा १,००० ने. बाकी ५०० किंवा त्याहून जास्त उरली तर एक वाढवायचा. महाराष्ट्राची हिशेबात धरलेली लोकसंख्या ५,०४,१२,२३५ आणि आमदार २८८. भागाकार १७५.०४, म्हणून इथल्या आमदाराचे मत १७५ चे आणि पूर्ण विधानसभेचे ५०,४००. याहून मोठा गठ्ठा फक्त उत्तर प्रदेशाचा : ४०३ आमदार, प्रत्येकी २०८, एकूण ८३,८२४.

एका मताचे मूल्य राज्याच्या आकारावर ठरते, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. एका आमदारामागे माणसे किती, एवढेच त्यातून कळते. म्हणूनच अवघ्या ८१ आमदारांच्या झारखंडात मताचे मूल्य १७६, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा एकाने जास्त. तेही भागाकार १७५.६४ आल्याने वर ढकलले गेलेले. गोव्यात ४० आमदारांत मत २० चे. सिक्कीममध्ये ते ७ चे, आणि ३२ आमदारांची बेरीज २२४. महाराष्ट्राचे दोन आमदार एकत्र आले की ३५० होतात. सिक्कीमची अख्खी विधानसभा त्यांच्यापुढे थिटी पडते.

वर दिलेली लोकसंख्या वाचून कुणालाही शंका येईल. महाराष्ट्र पाच कोटींचा कधी होता? १९७१ साली. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन त्यामुळेच घटू नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ चा आकडा गोठवला. ही मुदत २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत होती. ८४ व्या दुरुस्तीने ती २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत लांबवली. या गोठवणुकीचा फायदा-तोटा तामिळनाडूशी तुलना केली की लख्ख दिसतो. आज तिथल्या आमदाराचे मत १७६ चे आहे, महाराष्ट्राच्या एक पाऊल पुढे. हेच सूत्र २०११ च्या जनगणनेला लावले, तर महाराष्ट्र ३९० वर जातो आणि तामिळनाडू ३०८ वर थांबतो. उत्तर प्रदेश ४९६ होतो. दक्षिणेची धास्ती निराधार नाही, हे या तीन आकड्यांवरून पटावे.

मतदानाचा हक्क फक्त निवडून आलेल्यांना. नामनिर्देशित सदस्यांना तो नाही, आणि विधान परिषदेच्या आमदारांनाही नाही. मत पसंतीक्रमाने द्यायचे असते. १९६९ मध्ये दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावरच व्ही. व्ही. गिरी यांनी नीलम संजीव रेड्डी यांना हरवले. मतदान गुप्त असते, पक्षादेश लागू होत नाही. तरीही बहुतेक वेळा गठ्ठे पक्षाबरहुकूम पडतात. ठळक अपवाद मराठी वाचकांच्या ओळखीचा : २००७ मध्ये भाजपप्रणीत आघाडीत असूनही शिवसेनेने भैरोसिंह शेखावत यांना डावलून प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला.

खासदारांच्या मताचा हिशेब उलट दिशेने होतो. देशभरातील सर्व आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागतात, म्हणजे दोन्ही पारडी जवळपास सारखी राहतात. खासदार कोणत्याही राज्याचा असो, मूल्य एकच. २०१७ मध्ये ते ७०८ होते. पुढे जम्मू-काश्मीरची विधानसभा बरखास्त झाली. तिथल्या ८७ आमदारांची प्रत्येकी ७२ प्रमाणे ६,२६४ इतकी बेरीज गळाली. त्यामुळे २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा यांच्या लढतीत सर्व आमदारांचे मिळून मूल्य ५,४३,२३१ भरले. त्याला ७७६ ने भागल्यावर आले ७००. श्रीनगरला विधानसभा नव्हती, आणि कोल्हापूरच्या खासदाराचे मत आठाने हलके झाले.