जपानी मेपलचे वाण ओळखायचे, तर पुस्तक कोणते घ्यावे?

हापूस आणि पायरी शेजारी शेजारी उभे असले, तर नुसती पाने बघून दोघांतला फरक सांगणे जुन्या बागायतदारालाही जड जाते. फळ आले की मग ओळख पटते. जपानी मेपलचा कारभार नेमका उलटा आहे. एसर पाल्मेटम ही एकच जाती, तिचे हजाराहून अधिक वाण, आणि त्यांतला जवळजवळ सगळा फरक पानात, फांदीत आणि रंगात. त्यातही रंग वर्षातून तीनदा बदलतो. म्हणून सह्याद्रीतल्या झाडांचे पुस्तक निवडायची सवय इथे कामाला येत नाही. तिथे एका जातीला एक चांगला फोटो पुरतो. इथे एकच फोटो देणारे पुस्तक वाचकाला हमखास चकवते.

पुण्यात अशा पुस्तकाचे गिऱ्हाईक कमी नाही. बोन्साय करणारे आहेत, जपानी भाषा शिकून नोव्हेंबरात तिकडे पाने बघायला जाणारे आहेत. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतले, त्या मूळ बागेत तर मेपलची स्वतंत्र राईच आहे.

पुस्तक हातात आले की आधी तीन नोंदी उघडाव्यात. पहिली ‘कात्सुरा’. याची पालवी वसंतात पिवळसर नारिंगी असते, उन्हाळ्यात झाड साधे हिरवे होते आणि शरदात पुन्हा पिवळे-नारिंगी. पुस्तकात फक्त वसंतातला फोटो असेल आणि मजकुरात उन्हाळ्याचा उल्लेख नसेल, तर जुलैत हे झाड समोर असूनही ओळखता येणार नाही. दुसरी ‘सांगोकाकु’. याची खूण पानात नाही, सालीत आहे: हिवाळ्यात पाने गळल्यावर कोवळ्या फांद्या पोवळ्यासारख्या लाल दिसतात. निष्पर्ण फांदीचा फोटो नसेल तर नोंद अर्धीच. शिवाय हाच वाण ‘सेनकाकी’ नावानेही विकला जातो; ते नाव मागच्या सूचीत सापडते का, हेही पाहावे. तिसरी ‘ऑरियम’, सोनेरी पानांचा प्रसिद्ध वाण. जुनी पुस्तके त्याला एसर जापोनिकम या दुसऱ्या जातीत टाकतात, आज तो एसर शिरासावानम या तिसऱ्याच जातीत गणला जातो. चांगले पुस्तक दोन्ही नावे देऊन घोळ समजावते. मेपलचे कुळ ‘एसरेसी’ असे छापले असेल तर वर्गीकरण जुने आहे. हल्ली मेपल सॅपिंडेसी कुळात, म्हणजे आपल्या रिठ्याच्या आणि कोशिंबाच्या भाऊबंदांत बसवतात. मार्चमध्ये कोशिंबाला फुटणारी लालभडक पालवी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे नाते फारसे खटकणार नाही.

खरी परीक्षा मात्र पुस्तकाच्या मांडणीची. नुसती अकारविल्हे यादी ही ज्याला नाव आधीच ठाऊक आहे त्याच्या सोयीची. पानावरून नावाकडे जायचे असेल तर गटवारी हवी, आणि ती पानाच्या बोटांवर, म्हणजे काप पडून वेगळ्या झालेल्या भागांवर चालते. बोटे हा शब्द उगाच वापरलेला नाही. मेपलला जपानीत ‘काएदे’ म्हणतात, आणि तो शब्द बेडकाच्या हातावरून आला. पाल्मेटम गटात बहुधा पाच ते सात बोटे असतात. अमोएनम गटात साधारण सात, पण उथळ कापलेली, फार तर दोन तृतीयांशापर्यंत. मात्सुमुरे गटात काप त्याहून खोल जातात. लिनिअरिलोबममध्ये बोटे फितीसारखी अरुंद. ‘कोतो-नो-इतो’, म्हणजे कोतो या वाद्याच्या तारा, हे नाव त्यातलेच. डिसेक्टममध्ये बोटे देठापर्यंत सुटी आणि त्यांच्या कडा पुन्हा चिरलेल्या, शेपूच्या पानाची आठवण व्हावी अशा.

कापाची खोली डोळ्यांनी ठरवू नये, पट्टी लावावी. मधल्या बोटाच्या टोकापासून देठाच्या सांध्यापर्यंतचे अंतर ६० मिमी असेल आणि दोन बोटांमधली खाच सांध्यापासून २० मिमीवर थांबत असेल, तर पान दोन तृतीयांश कापलेले आहे. एका पानावर विसंबू नये. फांदीच्या मधल्या भागातली पाच पाने मोजावीत. जोमाने फुटलेल्या नव्या धुमाऱ्यांची पाने मोठी आणि वेगळ्या कापाची येतात, आणि नवशिके नेमके तेच पान तोडून घरी आणतात.

मोजायच्या आधीही एक गोष्ट पाहावी लागते. मेपलची पाने फांदीवर समोरासमोर जोडीने येतात. एकाआड एक येत असतील तर झाड मेपल नाही. पानाने फसवणारा लिक्विडांबर हा वेगळा वृक्ष असू शकतो. बोटे नऊ ते अकरा आणि पान जवळजवळ गोल असेल तर जापोनिकम किंवा शिरासावानम समजावे. पहिल्याच्या कोवळ्या देठावर लव असते, दुसऱ्याचा देठ गुळगुळीत. ही पायरी न सांगणारे पुस्तक परत ठेवावे, त्यातले फोटो कितीही देखणे असोत.

वाणाची नावे एकेरी अवतरणात छापलेली हवीत, तसा नियमच आहे. ‘अॅट्रोपर्प्युरियम’ या नावाखाली मात्र जगभर बियांपासून वाढवलेली नाना तऱ्हेची लाल रोपे खपतात. त्याला एकच ठाम वाण म्हणून रंगवणारा लेखक फारसा चिकित्सक नाही. जपानी नावांचे अर्थ देणारे पुस्तक दुप्पट उपयोगी, कारण नावातच खूण दडलेली असते: ‘बेनी’ लाल, ‘आओ’ हिरवे, ‘शिदारे’ लोंबते, ‘निशिकी’ जरीकामासारखे, ‘इतो’ धागा. ‘शिशिगाशिरा’ म्हणजे सिंहाचे डोके. याची चुरगळलेली पाने फांदीच्या टोकाला दाटीने येतात. ‘सेइर्यू’ची पाने डिसेक्टमची, पण झाड सरळ उभे वाढते. त्या गटातली बाकीची बहुतेक झाडे छत्रीसारखी झुकतात, म्हणून पुस्तकात संपूर्ण झाडाचा आकारही दिसायला हवा.

या विषयातला आधारग्रंथ म्हणजे ऑरेगनच्या जे. डी. व्हर्ट्रीस यांचे १९७८चे ‘जपानीज मेपल्स’. पुढच्या आवृत्त्या पीटर ग्रेगरी यांनी सुधारल्या आणि वाढवल्या. ते टेबलावर ठेवून वाचायचे पुस्तक आहे. बागेत न्यायला या दोघांच्याच नावाचा २००७चा लहान पॉकेट गाइड बरा. दोन्ही घेणे जमत नसेल तर आमचे मत मोठ्याच्या बाजूने. फोटो मोबाइलवर काढून आणता येतो, ताडून बघायला घरी मजकूर भरघोस लागतो.

आता पुण्याचा प्रश्न. पुस्तकातली उंची बहुधा दहा वर्षांच्या झाडाची आणि थंड हवेतली असते. ‘झोन’चे आकडे फक्त हिवाळ्यातली किमान थंडी सांगतात, एप्रिलच्या उन्हाबद्दल त्यांत अक्षर नसते. ‘पूर्ण ऊन’ म्हणजे इंग्लंडचे किंवा ऑरेगनचे ऊन; आपल्याकडे त्याच उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात पानांच्या कडा करपतात. शरदातला लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो चांगला तयार व्हायला स्वच्छ ऊन आणि गार रात्री लागतात, झाडाला नीट झोपायला लांब थंडी लागते. पुण्यात रात्री गारवा असला तरी डिसेंबरातही दुपार तिशीच्या आसपास जाते. त्यामुळे इथल्या कुंडीतल्या झाडाचा वाण शरदातल्या फोटोवरून ठरवू नये. बोटांची संख्या, काप आणि साल यांवर भर द्यावा.

आणि बियांची पाकिटे. मेपलचे वाण हापूससारखेच कलमावर टिकतात. कोय पुरली म्हणून हापूस येत नाही, तसे नावाच्या वाणाचे बी पेरून तोच वाण मिळत नाही. निळ्या मेपलचे बी तर सरळ फसवणूक, निळ्या पानांचा जपानी मेपल अस्तित्वातच नाही. रोप घेताना बुंध्यावर कलमाचा सांधा शोधावा. सांध्याखालून फुटलेली फांदी साध्या खुंटाची असते, आणि तिची पाने पुस्तकातल्या कोणत्याच नोंदीशी जुळणार नाहीत.