फ्लड पॉलिसी बदलायची असेल तर आधी आम्हाला एक फोन करा

नमस्कार मंडळी. रिन्यूअलची पत्रं जायला लागली की आमच्या इन्शुरन्सच्या ऑफिसात दोन प्रकारचे फोन येतात. पहिला, "अहो, तुमच्या कंपनीचा फ्लडचा रेट फारच आहे, दुसऱ्या कुठल्या कंपनीचा कोट काढा ना." दुसरा चार महिन्यांनी, जरा पडलेल्या आवाजात, "बँकेचं पत्र आलंय, हे फोर्स-प्लेस्ड म्हणजे काय असतं?" बहुतेक वेळा दोन्ही फोन एकाच घरातून आलेले असतात. मधल्या चार महिन्यांत काय झालं ते आम्हाला न विचारता कळतं, आणि ते निस्तरायला आमचे आणि तुमचे मिळून आठवडे जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

होमओनर्स पॉलिसीत पूर धरलेला नसतो हे न्यू जर्सीत घर घेतलेल्या प्रत्येकाला एव्हाना माहीत असावं. तरी विचारतात, आणि त्यांची चूक नाही, कारण आपल्याकडे सांगलीत किंवा कोल्हापुरात आईवडिलांच्या घराची साधी भारत गृह रक्षा पॉलिसी घेतली तर त्यात पूर आपोआप येतो. इथे येत नाही. इथे पुराची पॉलिसी वेगळी, फ्लड झोनमधल्या घरावर लोन असेल तर बँक ती मागतेच, आणि १९६८ च्या कायद्यापासून ती मुख्यतः सरकारच विकतं, एनएफआयपी (राष्ट्रीय पूर विमा योजना) नावाने, फेमा ही केंद्र सरकारची आपत्ती-व्यवस्थापन संस्था ती चालवते.

आता गोंधळ कुठे होतो तर पॉलिसीवर नाव मात्र खाजगी कंपनीचं असतं. लोगो कंपनीचा, पत्र कंपनीचं, क्लेम बघायला येणारा अॅडजस्टरही कंपनीनेच पाठवलेला. १९८३ पासून ही पद्धत आहे, तिला 'राइट युअर ओन' म्हणतात. सुमारे ५० कंपन्या त्यात आहेत. कंपनी पॉलिसी विकते, प्रीमियम गोळा करते, क्लेम हाताळते, पण नुकसानीचे पैसे शेवटी सरकारच्या खात्यातून जातात आणि रेटही फेमाच ठरवते. थोडक्यात पोस्टात मिळणाऱ्या बचतपत्रासारखं समजा, कुठल्याही पोस्टातून घेतलं तरी व्याज तेच.

म्हणून एनएफआयपीची पॉलिसी या कंपनीकडे महाग आणि त्या कंपनीकडे स्वस्त असं नसतं. तुम्ही पाच एजंटांना फोन केलात आणि पाच वेगळे आकडे आले, तर कोणीतरी घराची माहिती चुकीची भरलीये. बहुतेक वेळा पायाचा प्रकार चुकतो, क्रॉलस्पेसचं (घराखालची बुटकी पोकळ जागा) बेसमेंट होतं किंवा उलटं, नाहीतर 'प्रायमरी रेसिडन्स'चा, म्हणजे तुम्ही स्वतः त्या घरात राहता याचा, कागद जोडलेला नसतो. हा कागद नसेल तर वर्षाचा सरचार्ज २५ डॉलरच्या जागी २५० डॉलर लागतो. दर वर्षी दोन-तीन जणांचे असे सव्वादोनशे डॉलर आम्ही नुसत्या एका लायसन्सच्या कॉपीवर वाचवतो. त्याचा वेगळा चार्ज नाही.

"मग तुम्हाला काय मिळतं?"

हा प्रश्न लोक लाजत विचारतात, लाजू नका. फेमा कंपनीला कामाचे पैसे म्हणून प्रीमियमच्या साधारण ३० टक्के देते, त्यात १५ टक्के एजंटच्या कमिशनसाठी धरलेले असतात, पुढे कंपनी आणि एजंट आपसात ठरवतात. तुम्ही एजंट न घेता गेलात म्हणून प्रीमियम कमी होत नाही. हे ३० टक्के जास्त आहेत का यावर वॉशिंग्टनमध्ये बरीच वर्षं वाद चालू आहे. २०१२ च्या बिगर्ट-वॉटर्स कायद्याने फेमाला सांगितलं की कंपन्यांचा खरा खर्च किती होतो ते बघून पैसे ठरवा आणि तसा नियम करा. पुढे जुलै २०१९ मध्ये फेमाने नियम कसा करावा यावर सूचना मागवणारी नोटीस काढली. इतकी वर्षं का लागली ते समजतं, कारण ज्या कंपनीकडे पुराच्या पॉलिसी थोड्याच आहेत तिचा खर्च वेगळा आणि जिच्याकडे लाखभर आहेत तिचा वेगळा, दोघींना एकच टक्का लावला तर एकीला परवडत नाही आणि दुसरीला मजा. आमचं मत विचाराल तर हिशेब खर्चाला धरूनच असावा, फक्त तो इतका घट्ट नको की छोट्या कंपन्या सोडून जातील, कारण त्या गेल्या तर सँडीसारख्या वादळानंतर पाच काउंट्यांत एकाच वेळी अॅडजस्टर आणायचे कुठून.

खाजगी पॉलिसी, म्हणजे खरंच खाजगी

वर सांगितली ती सरकारी पॉलिसी, खाजगी वेष्टनातली. याशिवाय पूर्णपणे खाजगी फ्लड पॉलिसी असते, जिच्यात जोखीम कंपनीची, रेट कंपनीचा आणि अटीही कंपनीच्या. आधी फेमाशी करार असलेल्या कंपन्यांना स्वतःची वेगळी फ्लड पॉलिसी विकायला बंदी होती, करारातच तसं कलम होतं. ते कलम ऑक्टोबर २०१८ पासूनच्या करारातून काढलं. मग २० फेब्रुवारी २०१९ ला बँकांवर देखरेख करणाऱ्या पाच संस्थांनी मिळून नियम छापला, १ जुलै २०१९ पासून लागू, की खाजगी पॉलिसी ठराविक व्याख्येत बसत असेल तर बँकेला ती घ्यावीच लागेल. एफएचए, म्हणजे सरकारी हमी असलेल्या लोनवाल्यांना मात्र आणखी थांबावं लागलं, त्यांच्यासाठी हा दरवाजा २१ डिसेंबर २०२२ ला उघडला.

आम्ही खाजगी पॉलिसीच्या विरोधात आहोत असं काहींना वाटतं. नाहीये. आम्ही दोन्ही विकतो. सरकारी पॉलिसीत घराला जास्तीत जास्त २,५०,००० डॉलर आणि सामानाला १,००,००० डॉलर मिळतात, आजच्या मिडलसेक्स काउंटीत एवढ्यात घर परत उभं राहत नाही. घर दुरुस्त होईपर्यंत हॉटेलचं भाडं सरकारी पॉलिसी देत नाही, खाजगीत बऱ्याचदा मिळतं. काही घरांना खाजगीच योग्य, आणि आम्ही स्वतःहून तसं सांगितलेलं आहे.

ज्याच्यामुळे सगळा वेळ जातो ती चूक

जुनी पॉलिसी आधी सोडायची, नवीन ऑनलाइन घ्यायची, बँकेला फक्त डेक पेज (पॉलिसीचं गोषवारा असलेलं पहिलं पान) पाठवायचं, आणि मग आम्हाला सांगायचं. हा क्रम उलटा आहे.

मागे एक काका आले होते, रॅरिटन नदीपासून जवळच घर. फाइल इतकी व्यवस्थित की प्रत्येक पान पंच केलेलं, रंगीत चिकट कागद लावलेले. सरकारी पॉलिसीचं रिन्यूअल आलं, इंटरनेटवर साडेआठशे डॉलरने स्वस्त खाजगी पॉलिसी दिसली, घेतली, जुनीचे पैसे भरले नाहीत. बँकेला पहिलं पान पाठवलं. सहा आठवड्यांनी पत्र, पॉलिसी मान्य नाही, ४५ दिवसांत दुसरी आणा नाहीतर आम्ही घेऊ आणि पैसे एस्क्रोतून (टॅक्स-इन्शुरन्ससाठी बँकेकडे साठणारं तुमचं खातं) कापू. काका म्हणाले, नियम आहे ना, बँकेला घ्यावीच लागते, मी वाचलंय. वाचलं बरोबरच होतं. फक्त त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण स्वतः सोसायचा भाग, लिहिलेलं होतं, २५,००० डॉलर.

व्याख्येत बसायचं तर खाजगी पॉलिसी निदान सरकारी पॉलिसीइतकी व्यापक हवी. डिडक्टिबल सरकारी पॉलिसीच्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त नको, घराला ती १०,००० डॉलर आहे. पूर म्हणजे काय याची व्याख्या तेवढीच रुंद हवी. रद्द करायची झाली तर तुम्हाला आणि बँकेला, दोघांना ४५ दिवस आधी लेखी सूचना द्यायचं कलम हवं. लेंडरच्या हक्काचं कलम हवं. क्लेम नाकारल्यावर कोर्टात जायला एक वर्षाची मुदत हवी. यातलं एक जरी कमी पडलं तरी बँक 'घ्यावीच लागेल'मधून सुटते. मग घ्यायची की नाही ते तिच्या मर्जीवर, आणि मर्जीने घेतली तर का घेतली हे तिला लेखी नोंदवावं लागतं, ते कष्ट तिथला माणूस कशाला घेईल. एफएचए लोनला तर ही मर्जीची सोयच नाही.

आता डेक पेज का पुरत नाही ते. नियमात बँकांसाठी एक शॉर्टकट ठेवलाय, पॉलिसीत किंवा तिला जोडलेल्या एंडोर्समेंटमध्ये "ही पॉलिसी कायद्यातल्या खाजगी फ्लड इन्शुरन्सच्या व्याख्येत बसते" अशा अर्थाचं एक ठरलेलं वाक्य असेल तर बँकेला पुढचं काही तपासावं लागत नाही. ते वाक्य नाही एवढ्याच कारणावरून बँक नाकारू शकत नाही, पण मग पूर्ण पॉलिसी कोणीतरी वाचायला लागते, आणि बँकेचं हे काम सहसा दुसऱ्या राज्यातली एखादी बाहेरची एजन्सी करते, तिच्यासमोर तुमच्यासारखी हजारो पानं असतात. तुम्ही पहिलंच पान पाठवलंत आणि वाक्य तेविसाव्या पानावर असेल तर तिकडून "अपुरी माहिती" असा छापील कागद येणार. एफएचएसाठी ते वाक्य वेगळं असतं, हेही बघावं लागतं.

काकांचं पुढे काय झालं? जुनी पॉलिसी संपल्यावर ३० दिवसांत पैसे पोचले असते तर खंड पडला नसता, ते दिवस केव्हाच गेले होते. परत सरकारीत यायचं तर नवीन ग्राहक म्हणून. आणि इथे खरी मेख आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून नवीन पॉलिसींना आणि १ एप्रिल २०२२ पासून जुन्यांना रिस्क रेटिंग २.० ही फेमाची रेट ठरवायची नवीन पद्धत लागू झाली, पण जुन्या ग्राहकांचा रेट एकदम वर नेत नाहीत, बहुतेक राहत्या घरांना वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा आहे, एक-एक पायरी चढत जातो. तुम्ही सोडून गेलात की ही पायऱ्यांची सवलत गेली. मधल्या काळात खाजगी पॉलिसी होती असं सांगून चालत नाही, फेमा ते सलग कव्हर धरत नाही. परत आलात की थेट वरच्या मजल्याचा रेट. काका साडेआठशे वाचवायला गेले आणि पुढच्या कित्येक वर्षांसाठी त्याहून जास्त अंगावर घेऊन बसले. काकू बाजूला बसल्या होत्या, त्या एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या फाइलकडे बघत होत्या.

मधल्या दिवसांत बँकेने घेतलेली पॉलिसी (हीच ती फोर्स-प्लेस्ड) लागली ती लागलीच. ती महाग असते आणि तिच्यात तुमचं सामान नसतं. (तुमच्याकडे त्या काळात योग्य पॉलिसी होती असा पुरावा दिला तर दुहेरी दिवसांचे पैसे बँकेने ३० दिवसांत परत द्यायचे असतात. हे भांडण आम्ही करून देतो.)

ज्यांचं घर फ्लड झोनमध्ये नाही किंवा लोन फिटलंय, त्यांना बँकेची कटकट नाही, पण त्यांच्यासाठी वेगळा काटा आहे. सरकारी पॉलिसी स्वतःहून घेतली तर ३० दिवसांनी सुरू होते. वादळाचं नाव टीव्हीवर आलं की फोन करणारे खूप, तेव्हा आमच्याही हातात काही नसतं. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाच्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात ३.१५ इंच पाऊस पडला, आणि आपल्याकडे मॅनव्हिलमध्ये तर घरं पाण्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलाने फोन करून विचारलं, कालच्या तारखेने पॉलिसी मिळेल का. मागे त्याच्या बाळाचा आवाज येत होता. काय सांगणार.

बेसमेंटबद्दलही दोन ओळी, कारण आयडानंतरची निम्मी भांडणं त्यावरूनच झाली. सरकारी पॉलिसी बेसमेंटमधलं फर्नेस, वॉटर हीटर, इलेक्ट्रिक पॅनल, सामानाचं कव्हर घेतलं असेल तर वॉशर-ड्रायर, अशा ठराविक गोष्टींनाच पैसे देते. होम थिएटर, कार्पेट, सोफा, खाली मांडलेलं देवघर, यातलं काही नाही. आम्ही पॉलिसी देताना हे तोंडी सांगतो, आता लिहूनही दिलं.

"सरकारच बंद पडलं तर?" असंही विचारतात. २०२५ च्या शटडाउनमध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर एनएफआयपीची मंजुरी संपलेली होती. चालू पॉलिसी चालूच होत्या, पण नवीन देता येत नव्हत्या, क्लोजिंग (घराचा व्यवहार पूर्ण व्हायचा दिवस) तोंडावर आलेल्या लोकांची धावपळ झाली. त्या दिवसांत आम्ही काही जणांना खाजगी पॉलिसी घेऊन दिल्या आणि बँकांनी त्या घेतल्या, कारण पूर्ण कागद पहिल्याच ईमेलमध्ये गेले होते.

तर स्वस्त कोट दिसला तर जरूर घ्या, पण रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी आम्हाला नवीन पॉलिसीचा पूर्ण नमुना पाठवा, एंडोर्समेंटसकट. आम्ही जुनी शेजारी ठेवून वाचतो, बँकेला आमच्या लेटरहेडवर पाठवतो, तिकडून मान्य असल्याचं लेखी उत्तर आणतो, आणि मगच जुनी सोडायला सांगतो. पॉलिसी आमच्याकडून घेतलेली नसली तरी वाचून देतो. तोपर्यंत रिन्यूअलची तारीख जवळ आली तर सरळ जुनीचेच पैसे भरा, एक वर्ष थांबलात तर आभाळ कोसळत नाही. घर आणि गाडीचे कागद सोबत आणलेत तर तेही एकदा बघून घेऊ, पुष्कळांच्या होमओनर्स पॉलिसीत सम्प पम्प बॅकअपचं (बेसमेंटमधलं पाणी उपसणारा पंप बंद पडून पाणी साचलं तर) कव्हरच नसतं आणि ते थोडक्या पैशात मिळतं.

शनिवारी दुपारी २ पर्यंत ऑफिस उघडं असतं. कागद पीडीएफमध्ये ईमेल करा, व्हॉट्सअॅपवर फोटो नको, परवाच एकांनी पाठवलेल्या फोटोत नेमका डिडक्टिबलच्या आकड्यावर चहाचा कप होता.