बुडा की जिल्हा नियोजन समिती? गावाचा कोणता प्रश्न कुणाकडे न्यायचा

बेळगाव शहराला लागून असलेल्या गावांत 'बुडा' हे नाव निघालं की आधी जमिनीची भीती वाटते. येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा, मुतगे, कुठंही जा. आराखडा आला म्हणजे जमीन गेली, हाच समज. उलट ग्रामपंचायतीनं विकास आराखड्यासाठी सभा बोलावली की हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं येतात. सगळं सरकारी म्हणजे एकच खातं, असं धरून बुडाविरुद्धची हरकत लोक ग्रामसभेत मांडतात आणि गटारीचं गाऱ्हाणं घेऊन बुडाच्या दारात जातात. दोन्हीकडून रिकाम्या हातानं परततात, आणि तोवर मुदत संपलेली असते.

बुडा म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरण. त्याला अधिकार दोन कायद्यांनी दिले: कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा 1961 आणि कर्नाटक नागरी विकास प्राधिकरण कायदा 1987. शहर आणि त्याच्या हद्दीत घेतलेली भोवतालची गावं यांचा महायोजना आराखडा तयार करणं, म्हणजे कोणत्या सर्व्हे नंबरवर वस्ती, कुठं कारखाने, कुठून रस्ता, कुठं शेतीच, हे ठरवणं हे त्याचं मुख्य काम. लेआउटला, म्हणजे जमिनीचे प्लॉट पाडायच्या आखणीला, मंजुरीही त्याचीच लागते. गावात नळ आणणं, शाळेची खोली बांधणं, पाणंद दुरुस्त करणं ही कामं त्याची नव्हेत.

आता सर्वांत जास्त घोळ होतो तो मुद्दा. आराखड्यात तुमच्या शेतावर पिवळा रंग पडला म्हणजे ती जमीन निवासी वापरासाठी दाखवली. मालक तुम्हीच. उताऱ्यावर नाव तुमचंच, भात लावायला कुणी अडवत नाही. त्या रंगामुळं कुणी जेसीबी घेऊन बांधावर येऊ शकत नाही. भूसंपादन ही निराळी प्रक्रिया आहे: 1987 च्या कायद्याखाली एखादी वसाहत योजना आखली तर आधी प्राथमिक अधिसूचना निघते, मालकाला नोटीस येते, म्हणणं मांडायला 30 दिवस मिळतात, मग अंतिम अधिसूचना. एन.ए.ची, म्हणजे बिगरशेती वापराची, परवानगी आणखी तिसरीकडं, जिल्हाधिकाऱ्यांकडं, 1964 च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम 95 खाली. आणि हालगा-मच्छे बायपास रस्त्याच्या जमिनीचा प्रश्न तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. पण चावडीवरच्या बोलण्यात हे सगळं 'बुडानं जमीन घेतली' या एका वाक्यात येतं, आणि त्यामुळं माणूस चुकीच्या कचेरीत चपला झिजवत बसतो.

रंगाला काहीच अर्थ नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शेती म्हणून दाखवलेल्या जमिनीवर लेआउट होत नाही, निवासी दाखवलेल्या जमिनीमागं दलाल लागतात. आज लागलेल्या रंगाचे परिणाम पुढच्या पिढीच्या वाटणीत दिसतात. म्हणून नकाशा बघायला हवाच, पण भीतीपोटी नव्हे, आपला सर्व्हे नंबर आणि हिस्सा शोधून.

जिल्हा नियोजन समितीची तऱ्हा अगदी वेगळी. तिचं मूळ थेट राज्यघटनेत. 74 व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून कलम 243 झेडडी आलं आणि त्यानं प्रत्येक जिल्ह्यात अशी समिती बंधनकारक केली. कर्नाटकात पंचायत राज कायदा 1993 च्या कलम 310 मध्ये तिची तरतूद आहे. ती जमिनीवर रेघ मारत नाही, भूसंपादन करत नाही. पंचायतींचे आणि नगरपालिकांचे आराखडे एकत्र करून सबंध जिल्ह्याचा विकास आराखडा तयार करायचा आणि राज्य सरकारकडं पाठवायचा, हे तिचं काम. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य निवडून आलेले असावेत, तेही जिल्हा पंचायत आणि नगरसंस्थांमधून, ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात, असं घटना सांगते. ग्रामीण लोकसंख्याच मोठी असलेल्या बेळगाव जिल्ह्यात याचा अर्थ सरळ आहे: त्या टेबलावर खेड्यांचा आवाज मोठा असायला हवा.

तिथवर जाणारी वाट मात्र वॉर्ड सभेतून सुरू होते. वॉर्ड सभा, ग्रामसभा, ग्रामपंचायतीचा आराखडा, तालुका, जिल्हा. ग्रामसभेत जे लिहिलंच गेलं नाही ते वर पोचायला दुसरा रस्ता नाही. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 या काळात पंचायतींच्या निधीतला 60 टक्के भाग बांधून दिला होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला 40 टक्के कशावर घालायचा, हे पंचायतीच्या आराखड्यात ठरायचं. त्या सभेला न जाणं म्हणजे तो निर्णय दुसऱ्यांवर सोडणं.

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या परिसरातली आमगाव, कोंगळा, गवाळी ही गावं घ्या. तिथं बुडाचा काही संबंध नाही. पावसाळ्यात नाला भरला की वाट बंद, आणि रस्ता, पूल किंवा विजेची तार न्यायची तर वनखात्याची परवानगी. एवढ्या लहान पंचायतीच्या निधीत पूल बसत नाही. अशा गावांची गरज वरच्या आराखड्यात आणून बसवणं, यासाठीच तर जिल्हा नियोजन समिती आहे. शहराजवळच्या गावांचा आवाज निदान वर्तमानपत्रात उमटतो. या वाड्यांचा तेवढाही नाही, आणि याचं मला जास्त वाईट वाटतं.

दोन्ही यंत्रणांच्या वाटा एकमेकींना छेदतात ते बळ्ळारी नाल्यापाशी. शहराचं सांडपाणी वाहून नेणारा हा नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूर, हालगा भागातल्या शिवारातून जातो आणि जोराच्या पावसात काठ सोडून भातात शिरतो. रोप लावून झालेलं शेत आठ-आठ दिवस पाण्याखाली राहिलं की ते कुजतं, दुबार लावणी करावी लागते. नाल्याकाठी वस्तीला जागा द्यायची की नाही, हा बुडाचा प्रश्न. गाळ काढणं, काठ बांधणं, सांडपाण्याची सोय करणं याला पैसा कुठून आणि काम कुणी करायचं, हा विकास आराखड्याचा. पाणी शहराचं आणि नुकसान गावाचं, असा हा प्रश्न. पंचायती आणि नगरसंस्था यांच्यातले सामायिक प्रश्न, पाण्याची वाटणी, जागेच्या वापराचं नियोजन, पर्यावरण, या गोष्टी जिल्हा आराखड्यात विचारात घ्याव्यात असं कलम 243 झेडडीमध्ये स्पष्ट लिहिलंय. म्हणजे बळ्ळारी नाल्यासाठीच लिहिल्यासारखी ही तरतूद आहे. प्रत्यक्षात जिल्हा आराखडा हा बहुतेक वेळा कामांची यादी होऊन बसतो.

त्याला एक ठोस कारण आहे. कर्नाटकात जिल्हा आणि तालुका पंचायतींची निवडणूक 2016 मध्ये झाली, मुदत 2021 मध्ये संपली, आणि त्यापुढं वर्षानुवर्षं कारभार प्रशासकांच्या हाती गेला. जिल्हा पंचायतीत निवडून आलेलं कुणी नसेल तर समितीत खेड्यांच्या बाजूनं बसणार कोण? बुडाच्या विरोधात मोर्चे निघतात, ते निघावेतही. पण या रिकाम्या खुर्च्यांसाठी एकही मोर्चा निघू नये, हे गावांना परवडणारं नाही.

आता मुदतींचं. महायोजनेचा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतींसाठी 60 दिवस असतात. पुढं एखाद्या जमिनीचा वापर मध्येच बदलायचा प्रस्ताव आला तर वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि किमान 15 दिवस मिळतात. एवढ्यात ज्यानं त्यानं आपली हरकत लेखी द्यायची: गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा, पीक, विहीर किंवा बोअर, आणि नेमकं काय नको. ग्रामसभेचा ठराव सोबत जोडला तर वजन वाढतं, पण नुसता ठराव शेतकऱ्याच्या हरकतीची जागा घेत नाही. जाहिरात कन्नडमध्ये येते, म्हणून गावातल्या कन्नड वाचणाऱ्या पोरांना हे काम नेमून द्या. अर्ज मात्र मराठीतही देता येतो. राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क घटनेच्या कलम 350 नं दिलाय. काम लवकर व्हावं म्हणून सोबत कन्नड प्रत जोडावी, आणि पोच घेताना शिक्का, तारीख, आवक क्रमांक तिथंच उभं राहून तपासून घ्यावा.