एका घरात मक्याचं वाण टिकत नाही

परसात दहा ताटं मका लावा. त्यातलं सगळ्यात टपोरं कणीस बियाला ठेवा, पुढच्या वर्षी तेच पेरा, पुन्हा त्यातलं उत्तम कणीस राखा. काही हंगामांतच ताटं खुजी होऊ लागतात, कणसं बारीक येतात, दाणे विरळ भरतात. लोक म्हणतात जमीन थकली, खत कमी पडलं. जमिनीचा यात फारसा दोष नसतो. ताटं फार थोडी लावली आणि बी एकाच कणसाचं धरलं, तिथे घोळ झालेला असतो.

मक्याचा तुरा शेंड्याला असतो आणि कणीस खोडाच्या मधोमध. तुऱ्यातले पराग वाऱ्यावर उडतात आणि कणसातून बाहेर आलेल्या केसांवर पडतात. प्रत्येक केस आत एका दाण्याला जोडलेला असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही तो दाणा भरतच नाही. दहाच ताटं असली की पराग मुळात कमी, आणि जे मिळतात ते भावंडांचेच. आता, सदोष जनुकं प्रत्येक ताटात थोडीफार असतातच. पण प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात आणि त्यातली एक धडधाकट असली की बहुतेक वेळा दुसरीचा दोष झाकला जातो. भावंडांचाच आपसात संकर होत राहिला की दोन्ही प्रती सदोष असलेली ताटं वाढत जातात. यालाच अंतःप्रजननाचा ऱ्हास म्हणतात. डार्विनने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मकाही होता: स्वतःच्याच परागांनी फळवलेल्या झाडांची संतती परपरागांवर फळलेल्यांच्या संततीपेक्षा उंचीला कमी भरली होती.

म्हणून मक्याचं वाण नीट राखायचं तर किमान शंभर आणि जमल्यास दोनशे ताटांवरून बी घ्यावं, असं सांगतात. शिवाय सगळं बी एकाच भारी कणसाचं नको, प्रत्येक कणसाचे थोडे थोडे दाणे हवेत. परसबागेत हे कसं जमणार? जमत नाही. पण वीस घरांनी वीस-वीस ताटं एकाच वाणाची लावली आणि सुगीनंतर प्रत्येक कणसाचे मूठभर दाणे एकत्र मिसळून पुन्हा वाटून घेतले, तर जमतं. सामुदायिक बीजबँकेबद्दल, म्हणजे गावाने मिळून बी जमवायच्या आणि वाटून घ्यायच्या सोयीबद्दल, लिहिताना परंपरा, माती, आजीचा वारसा असे शब्द फार येतात. माझ्या मते तिची पहिली गरज जीवशास्त्रीय आहे. काही पिकं एकट्याच्या अंगणात राखताच येत नाहीत.

महाराष्ट्रात हे काम पाहायचं तर अकोले तालुक्यातलं कोंभाळणे डोळ्यांसमोर येतं. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तिथे देशी बियाणं जमवायला सुरुवात केली, 'बायफ' या संस्थेची साथ मिळाली आणि गावात बीजबँक उभी राहिली. डॉ. रघुनाथ माशेलकरांनी त्यांना 'बीजमाता' म्हटलं आणि ते नाव रुजलं. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. बातम्यांमुळे ही एका बाईची गोष्ट होऊन बसली आहे, आणि ते थोडं अन्यायाचं आहे, कारण कळसूबाई परिसरातल्या बचतगटांच्या बायकांनी आपापल्या परसात बी वाढवून परत दिलं नसतं तर बँकेतली मडकी दोन-तीन वर्षांत निकामी झाली असती. 'बायफ'ने असंच काम जव्हारच्या भातांवर आणि धडगावच्या पाड्यांवर, सातपुड्यातल्या मक्यावर केलं आहे.

अकोले तालुक्यातच एवढी वाणं का लागतात, हे पावसावरून कळतं. तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर-रतनवाडी, जिला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. तिथून पूर्वेकडे निघालं की पाऊस झपाट्याने उतरत जातो. एकच भात सगळीकडे चालणं शक्य नाही. उतारावरच्या वरकस जमिनीत पाणी लवकर निघून जातं, तिथे लवकर पिकणारा हळवा भात. खोल खाचरात उशिरा पिकणारा गरवा. मधल्या जमिनीत निमगरवा. जुन्या गरव्या भातांत आणखी एक गुण असतो. दिवस लहान होऊ लागल्याची खूण मिळाली की ती फुलोऱ्यावर येतात, मग लावणी पंधरा दिवस मागेपुढे झालेली असो. पाऊस उशिरा आला म्हणून कापणी तेवढीच पुढे ढकलली जात नाही. काळभात, रायभोग, जिरवेल ही नावं ऐकायला गोड आहेत, पण त्यांच्यामागे कोणत्या जमिनीत किती दिवस ओल टिकते याचा हिशेब असतो.

वालाची गोष्ट मक्याच्या अगदी उलट. कोंभाळण्याच्या बँकेत वाल-घेवड्याचे पंधराहून अधिक प्रकार आहेत आणि ते जमतं ते वालाच्या स्वभावामुळे. वालाचं फूल पुरतं उमलण्याआधीच आतले पराग फुटून बीजकोशापर्यंत जायची सोय झालेली असते. भुंगा, मधमाशी येते आणि थोडाफार संकर करून जातेही, पण बहुतेक शेंगा स्वतःच्याच परागांवर धरतात. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आल्याने सदोष जनुकं बरीचशी आधीच चाळली गेलेली असतात. त्यामुळे पाच-सहा वेलांवरूनही वाण सरळ राहतं. भात, हरभरा, वाटाणा, टोमॅटो याच जातकुळीतले. तूर, वांगी, मिरची, भेंडी मधल्या गटात: बरंचसं स्वतःचं, पण किड्यांनी आणलेलंही मिसळतं. आणि काकडी, दोडका, भोपळा ही मंडळी मक्यासारखी, फक्त वाऱ्याऐवजी मधमाशीवर अवलंबून.

वेलवर्गीय भाज्यांबाबत एक समजूत सर्रास ऐकू येते: काकडीच्या शेजारी कारलं लावू नये, काकडी कडू होते. होत नाही. काकडी आणि कारलं यांचा संकरच होत नाही, आणि झाला असता तरी या वर्षीच्या फळाचा गर आईच्याच पेशींचा असतो; बापाचा गुण फक्त आतल्या बियात जातो. तो दिसतो पुढच्या वर्षी, ते बी पेरल्यावर. मका याला अपवाद, कारण तिथे आपण बीच खातो: पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचे पराग पडले की त्याच कणसात पिवळे दाणे दिसतात.

दुधीच्या बाबतीत मात्र ही 'पुढच्या वर्षीची' गोष्ट गंभीर आहे. दुधीत कडवटपणा आणणारी कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असू शकतात. शेजारच्या बांधावर कडू दुधी, तुंबडीचा वेल असेल आणि मधमाशीने तिकडचे पराग आणले, तर आपल्या गोड दुधीतल्या बियांपासून कडू फळं देणारे वेल निघू शकतात. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना देशात घडल्या आहेत. बियाला ठेवलेल्या वेलाचं फळ चाखून पाहावं, जिभेला कडू लागलं की थुंकावं आणि तो वेल उपटावा. शिजवून कडूपणा मारायच्या भानगडीत पडू नये.

संकर टाळायचा उपाय साधा आहे, फक्त वेळ सांभाळावी लागते. लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं. आदल्या संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या ओळखायच्या: टोक पिवळं पडलेलं असतं. नर कळीचा देठ सरळसोट, मादीच्या कळीखाली छोटा भोपळा असतो. दोन्ही कळ्यांची तोंडं दोऱ्याने हलकेच बांधायची. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, त्यातला परागदांडा मादी फुलात फिरवायचा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाकायचं. देठाला रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे हा भोपळा भाजीला जात नाही. दुधी आणि दोडका यांची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यामुळे त्यांचा कार्यक्रम दिवेलागणीला. घोसाळं पुन्हा सकाळचं. किंवा यातलं काहीच न करता गावाने ठरवायचं की या आळीत एकाच प्रकारचा दोडका लागेल आणि दुसरा प्रकार पलीकडच्या वाडीत. प्रमाणित बियाण्यासाठी अशा भाज्यांत निम्मा किलोमीटर ते किलोमीटरभर अंतर ठेवतात. एवढी जागा एका घराकडे कुठून येणार, पण आळ्या-वाड्या वाटून घेतल्या तर बरंचसं अंतर मिळू शकतं.

बी पिकवण्याइतकंच कठीण काम ते जगवण्याचं. बी मेलेलं नसतं. मंद गतीने श्वास घेत असतं, आणि ओलावा व उष्णता वाढली की त्याचं आयुष्य भराभर सरतं. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टनचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: बियातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट होतं, आणि साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केलं की पुन्हा दुप्पट. साधारण ५ ते १४ टक्के ओलाव्यापर्यंत तो लागू पडतो. म्हणजे १४ टक्क्यांवरचं बी ८ टक्क्यांवर आणलं तर सहा वेळा दुप्पट, चौसष्टपट आयुष्य. खेड्यात बी वाळलं की नाही हे दाताखाली धरून बघतात. कट्‌कन तुटलं तर वाळलं, दबलं तर अजून ऊन हवं.

त्यानंतर राख. कडधान्याच्या भुंग्याची मादी शेतातच, वाळत्या शेंगांवरही अंडी घालते. अळी थेट दाण्यात शिरते आणि महिनाभरात नवा भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. प्रौढ भुंगा दाणा खात नाही, त्याला फक्त जोडीदार आणि अंडी घालायला दुसरा दाणा हवा असतो. दाण्यांच्या बेचक्यांत चाळलेली राख गच्च भरली की तो फिरूच शकत नाही. शिवाय राखेने त्याच्या अंगावरचं मेणाचं पातळ आवरण खरवडलं जातं, अंगातलं पाणी उडून जातं आणि तो कोरडा पडून मरतो. पण त्यासाठी चिमूटभर राख पुरत नाही, बियाच्या जवळपास बरोबरीने लागते. बऱ्याच घरांत इथेच कंजुषी होते.

मडक्याबद्दल मात्र मी भाबडा नाही. कोरी माती हवा आणि दमटपणा आत सोडतेच; शेणाने लिंपल्याने थोडा फरक पडतो. चुलीवरच्या उतरंडीला रोजचा धूर आणि ऊब मिळायची, म्हणून ती चालायची. घरात गॅस आला तशी ती सोयही गेली. सह्याद्रीच्या पावसाळ्यात चार महिने ठेवायचं तर रबराची कडी असलेली काचेची बरणी आणि तळाशी कापडात बांधलेले, भाजून गार केलेले तांदूळ जास्त भरवशाचे. तांदूळ ओलावा शोषतात. अट एकच: बी आधी खणखणीत वाळलेलं हवं. ओलसर बी बरणीत बंद केलं की आतल्या आत बुरशी धरते. आणि आंबा, फणस, नारळ यांना हे काहीच लागू नाही. त्यांचं बी वाळवलं की मरतंच.

देशी बियाण्याचे पुरस्कर्ते कधीकधी सांगतात की हायब्रीडचं बी उगवत नाही. उगवतं. पुढच्या पिढीत गुणांची फाटाफूट होते, एक झाड उंच, एक खुजं, एकाचं फळ लवकर, एकाचं उशिरा, म्हणून शेतकऱ्याला ते परवडत नाही. ओलिताच्या चांगल्या जमिनीत संकरित वाण सहसा जास्त पिकतं हेही मान्य करायला हवं. 'देशी म्हणजे दसपट पौष्टिक' असले दावे मी बाजूला ठेवतो. देशी वाणाचा खरा गुण त्याच्या वैविध्यात आहे. एकाच शेतातली झाडं थोडी वेगवेगळी असतात, त्यामुळे पावसाने दगा दिला तर सगळं एकदम जात नाही.

दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंशांवर चार लाखांहून अधिक नमुने आहेत, मग गावातली मडकी कशाला, असा प्रश्न रास्त आहे. शीतगृह लागतंच. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्हच्या संस्थेतले शास्त्रज्ञ उपाशी मेले, पण त्यांनी जपलेल्या बियाण्याला हात लावला नाही. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोची पेढी वापरता येईनाशी झाल्यावर २०१५ साली नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बीजकोठारातून बियाणं परत काढावं लागलं. पण गोठवलेलं बी त्या वर्षाच्या हवामानाशीच थांबतं. नवी कीड, लांबलेला पाऊस यांना तोंड देणारी झाडं शेतातच निवडली जातात, आणि ती निवड दर सुगीला कुणीतरी करावी लागते. कायदाही इथे आडवा येत नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखणं, पेरणं, देणं-घेणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क मानला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

पुण्या-मुंबईच्या गच्चीवरच्या बागांतही आता बियांची देवाणघेवाण होते. तिथे पुड्यांवर हौसेने चित्रं असतात आणि साल लिहिलेलं नसतं. कांद्याचं बी वर्षभरात कमजोर होतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार वर्षंही चालतं. साल नसेल तर घेणाऱ्याने काय समजायचं? देण्याआधी पन्नास बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवाव्या, किती बियांना मोड आले तो आकडा पुडीवर लिहावा. कुंड्यांत टोमॅटो, वाल राखावेत, मक्याच्या वाटेला जाऊ नये. दहा जणांचा गट असेल तर दोडका, भोपळ्याचं एकेक वाण एकेकाकडे सोपवावं.

गावच्या बँकांत घेतलेलं बी दीडपट-दुप्पट करून परत द्यायची रीत असते. जुन्या सवाई-दिढीसारखं वाटतं, पण हे वाढीव बी सावकाराच्या घरी जात नाही. परत आलेल्या बियात भेसळ असायची शक्यता सगळ्यात जास्त, म्हणून पीक फुलोऱ्यात असतानाच समितीच्या बायकांनी शेतात फेरी मारून फुलाच्या रंगावरून, पानावरून वेगळी दिसणारी झाडं उपटावी लागतात; मळणीनंतर तो फरक कळत नाही. आणि आलेलं सगळं बी एकाच हंगामात वाटून टाकायचं नसतं. निम्मं मागे ठेवायचं, कारण एखाद्या वर्षी पाऊस गेला आणि कुणाच्याच शेतातून बी परत आलं नाही, तर पुढच्या मृगाला पेरायला तेच उरतं.